पोस्टानं आलेला कॅमेरा

तासगाव, गुरुवार, १२ मे १९९४

रोल सगळा काळा निघाला. सुमनचा एकही फोटो नाही, आणि उद्या तिचं लग्न.

कॅमेरा घ्यायला फोटोवाल्या अण्णांच्या दुकानात गेलो होतो, तेव्हा म्हणाले, "आधी कॉलेज पुरं कर की रं!" डोकं फिरलं. जाहिरात बघून दिल्लीहून पोस्टानं मागवला. पैसे मोजल्यावरच पोस्टमननं खोकं दिलं. कॅमेऱ्याच्या झाकणाला बारीक फट होती, तिच्यातून आत उजेड शिरायचा. ती आज अण्णांनीच दाखवली, रोल धुवायला गेलो तेव्हा. टोमणा मारला असता तर भांडलो तरी असतो.

काळा रोल गुंडाळत म्हणाले, "उद्या फोटो काढायला मीच हाय. तिचा एक जादा काढू?"

"न्हाई," म्हणालो.

मला मुंडावळ्या नसलेली सुमन हवी होती.