बाबांच्या पुंगळ्या आणि फिरता पिंप

ती. सोल्वेगआत्यास,

वाकून नमस्कार. (मार्चमध्ये उत्तर डाकोटात अंगावर जेवढे कपडे असतात, तेवढ्यांत जितकं वाकता येतं तितकंच.) तुझा गुडघा कसा आहे? अ‍ॅरिझोनाच्या उन्हाने तो ताळ्यावर आला असेल आणि तू त्या गोल्फच्या गाडीतून शेजाऱ्यांना घाबरवत फिरत असशील, असं आम्ही इथे धरून चाललो आहोत. आमचं सगळं ठीक आहे. या "सगळं" मधून बाबांचं रक्त तेवढं वगळ.

ते आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बाबांच्या रक्तात शिसं निघालं. जो आकडा पाचाच्या आत हवा, तो एकोणीस आहे. डॉक्टरीण तरुण असली तरी याच भागातली, त्यामुळे तिने पाण्याच्या नळांची चौकशी करण्यात वेळ घालवला नाही. सरळ विचारलं, "आर्विडकाका, बंदुकीच्या पुंगळ्या घरी भरता ना? साफ कशात करता?" बाबांनी अभिमानाने सांगितलं, की बहिणीने दिलेल्या यंत्रात. ती बहीण म्हणजे तू, आणि ते यंत्र म्हणजे तू त्यांच्या चाळिशीला दिलेलं ते थरथरणारं भांडं. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुसा घालायचा, पुन्हा भरायच्या झाडलेल्या पितळी पुंगळ्या टाकायच्या आणि ते तासन् तास गदगदा हलू द्यायचं. पुंगळ्यांमधली काजळी भुशाला लागते आणि काजळीत शिसं असतं. झाकणाला तडा गेल्याला बरीच वर्षं झाली. त्यातून करडा धुरळा उडतो आणि बाबा झाकण काढून आत असे वाकतात, जसं काही ओव्हनमधून आईचं बटाट्या-मांसाचं हॉटडिश निघतंय. डॉक्टरीण म्हणाली, एक तर धुरळा बंद करा, नाही तर पुंगळ्या भरणं बंद करा.

दुसरा पर्याय आपल्या घरात चालणार नाही. नोव्हेंबर ते एप्रिल बाबा गॅरेजमधल्या त्या बाकावर बसून पुंगळ्या भरतात, म्हणून आई आणि ते एका घरात राहू शकतात. बाक गेला तर ते स्वयंपाकघरात येऊन बसतील. (गेल्या आठवड्यात दोन दिवस येऊन बसले. आईच्या ढवळण्या-भाजण्याचं निरीक्षण करून सूचना केल्या. आई काहीच बोलली नाही. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तुला माहीत आहे.)

पहिल्या पर्यायाला मात्र उपाय सोपा आहे. आडवा फिरणारा पिंप, म्हणजे टंबलर घ्यायचा, त्यात पाणी, साबणाचा थेंब, चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड आणि स्टीलच्या बारीक काड्या. घाण पाण्यात राहते, हवेत काही उडत नाही. मी पेरणीयंत्रांच्या कारखान्यात मापं तपासण्याचं काम करते, तेव्हा पिंप निवडण्यात मला अडचण येण्याचं कारण नव्हतं. गोल की षटकोनी (षटकोनी, आतला माल नुसता घसरत नाही, उलटतो), आतून रबर आहे की नाही (हवं, नाही तर शेजारी जागा होतो), पट्ट्यावर चालणारा की दात्यांवर (पट्टा, अडकलं तर पट्टा घसरतो, मोटर जळत नाही). हे मी तासाभरात ठरवलं. त्यानंतर बाबांनी मदत करायला सुरुवात केली.

त्यांचं म्हणणं, विकत घेण्याआधी करून बघावं. म्हणून शेजारच्या ओडेलचा काँक्रीट कालवण्याचा पिंप आणला. मी म्हणाले, हा पोलादी आहे, पुंगळ्यांची तोंडं चेपतील. ओडेल म्हणाला, "पोरी, यात मी आख्ख्या चर्चची पायरी कालवली आहे." पिंप फिरू लागला. गारपीट पत्र्यावर पडावी तसा आवाज. पलीकडे चर्चच्या तळघरात उपासकाळातलं सूप वाढत होते, तिथून पाद्रीबुवा हातात पळी घेऊन आले आणि दारात उभे राहून म्हणाले, काही नाही, सहज चौकशीला आलो. सगळ्या पुंगळ्यांची तोंडं चेपली. ओडेलने एक उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, "पण चकचकीत झाली की नाही?"

मग दुकानदार ड्वेनने नमुन्याचा छोटा पिंप घरी नेऊ दिला. (त्याआधी मी रबराच्या अस्तराची जाडी मोजत होते, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मारित, तू टंबलर बघतेस की स्थळ?" मी म्हणाले, स्थळाला हमी मिळत नाही. तेव्हापासून तो मला बाई म्हणतो.) या पिंपात पाणी, साबण, काड्या मी मोजून घातल्या आणि अ‍ॅसिड घालण्याआधी फोन आला म्हणून आत गेले. बाबांनी चिमटीचा हिशेब मनाला पटला नाही म्हणून सूपच्या चमच्याने घातलं. वर एक चमचा पाहुण्यांसाठी. अ‍ॅसिड जास्त झालं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर नुसतं तांबं उरतं. पुंगळ्या बाहेर आल्या त्या गुलाबी. उकडलेल्या कोळंबीसारख्या. बाबांना इतकं खूश मी मासेमारीतसुद्धा पाहिलेलं नाही. "बघ. सोल्वेगच्या भांड्याने आजवर एकही गुलाबी केली नाही."

तिथे मला कळलं की वाद पिंपाचा नाहीच. मी भांडं आणि पिंप यांच्या तुलनेचा तक्ता मांडला, बाबांनी तो शांतपणे वाचला, बरोबर आहे म्हणाले आणि मग तेच, "पण ते सोल्वेगने दिलंय गं." मी म्हणाले, आत्याला राग येणार नाही. ते म्हणाले, "येणार नाही, म्हणूनच तर." यावर तांत्रिक उत्तर नाही. जिथे कॉफीलासुद्धा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणायचं असतं, तिथे बहिणीने दिलेली वस्तू बाजूला ठेवणं म्हणजे बहिणीला बाजूला ठेवणं. रक्तातलं शिसं त्यांना चालतं, हे चालत नाही. आई दारातून म्हणाली, "सोल्वेगने तुम्हाला खोकला दिला असता तर तोही जपला असता." बाबा म्हणाले, "तिने दिला असता तर चांगलाच असता." आणि गॅरेजमध्ये जाऊन त्यांनी ते भांडं सुरू केलं. मी बटण बंद केलं. त्यांनी सुरू केलं. मी तारच काढून घेतली, ती सध्या माझ्या गाडीत आहे.

बाकी विशेष नाही. बर्फ अजून खिडकीपर्यंत आहे. ओडेल तुझी आठवण काढतो (म्हणजे तू उसनी द्यायचीस त्या शिडीची). गुडघ्यावर जास्त भार देऊ नकोस आणि त्या गाडीचा वेग कमी ठेव, असं आईने सांगितलं आहे. तिचा तुला नमस्कार.

तुझी भाची,
मारित

ता. क. तू दिलेल्या वस्तूची जागा तू दिलेलीच दुसरी वस्तू घेऊ शकते, असा मी निष्कर्ष काढला. षटकोनी, रबरी अस्तराचा, पट्ट्यावरचा पिंप मागवला आहे. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव घातलं आहे. बाबांचा फोन येईल. दोनदा "छे, त्यात काय" म्हण आणि तिसऱ्यांदा आभार स्वीकार. पट्टाच का, असं विचारलं तर वर कंसात उत्तर आहे, ते वाचून दाखव. शिशाबद्दल तुला काही माहीत नाही. ते तुला कळू नये म्हणून बाबा आठवडाभर आईला बजावत आहेत.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं आणि पिंप आजच आला. बाबांनी खोक्यावरचं तुझं नाव बराच वेळ वाचलं. मग पाणी भरलं आणि अ‍ॅसिड चिमटीने घातलं. मी बाजूला उभी होते, तेव्हा मोजमापाची खात्री आहे. धुरळा शून्य. पुढची तपासणी जूनमध्ये.

ता. क. तिसरा, आणि यासाठीच हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. एवढी मोठी भेट आल्यावर परत काहीतरी पाठवायला हवंच होतं. तिकडे अ‍ॅरिझोनात बिचारीकडे पुंगळ्या साफ करायला काही नसेल, असं बाबांच्या मनात आलं. त्यांनी ते जुनं भांडं पुसलं, तुझ्यासाठी नवी तार बसवली आणि मी कामावर असताना रवाना केलं. भुसा आतच आहे. आत्या, दोनदा नको म्हण, तिसऱ्यांदा घे आणि खोकं उघडू नकोस.