आधी किल्ली, मग हरकत

रविवार, २४ फेब्रुवारी १९५७. सकाळी ९.१०. मंडळाची खोली.

नवी वही. जुनी घरी ठेवली होती, तिच्या मागच्या पानांवर धाकट्याने भूमितीचे त्रिकोण काढले. आजपासून वही इथेच, कपाटात, कुलपात.

ही खोली म्हणजे काय ते एकदा लिहून ठेवतो. विठोबा माधव चाळ, गिरगाव. तळमजला, जिन्याखाली, आठ बाय सहा. एक टेबल, एक हात तुटलेली आरामखुर्ची, वाचनालयाची दोनशे अकरा पुस्तकं, गणपतीचं मखर. आणि आतून कडी असलेलं दार. चाळीत छत्तीस बिऱ्हाडं आहेत, पण दार लावून एकटा बसू शकेल असा माणूस एकच. मी, पुरुषोत्तम त्रिलोकेकर, चाळीचा अप्पा. वाचनालय व उत्सव मंडळाचा चिटणीस, सलग चौदा वर्षं.

दुसऱ्या मजल्यावर माझं बिऱ्हाड, दहा बाय बारा. त्यात आई, ही (म्हणजे आमची सौ.), चार मुलं, भाऊ बंडू आणि शिलाईचं मशीन. रे रोडला लाकडाच्या वखारीत नोकरी, तिथे आठ कारकुनांत पाच खुर्च्या. देशाचा विचार करायला मला ही एकच जागा आहे.

यंदा निवडणूक घ्यावी लागणार. आजवर "अप्पा आहेतच" यावर भागलं. पण असेंब्लीच्या इलेक्शनचं वारं गल्लीत शिरलंय, रोज सभा, रोज भोंगा. काल पहिल्या मजल्यावरचा सीताराम मानकर सगळ्यांसमोर म्हणाला, संयुक्त महाराष्ट्रासाठी दारोदार मतं मागतो आपण, आणि चाळीत मात्र आपल्याला कुणी मत विचारत नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. कुणाविरुद्ध ते मागाहून लक्षात आलं.

संकल्प: निवडणूक घ्यायची. जिंकायची. हरल्यावर सीताराम कटकट करणार, त्याचा बंदोबस्त आधीच करून ठेवायचा.

मंगळवार, २६ फेब्रुवारी. संध्या. ७.

कामाला लागलो. मथळा: "विवादित निवडणूक व शांततेने सत्तांतर यांविषयी नियमावली". मथळ्यालाच पाऊण तास गेला, पण मथळा झाला की काम झालं.

नियम १. उमेदवारी अर्ज बंद पाकिटात. पाकिटं मतदानाच्या सकाळी फुटतील. (सीतारामला प्रचाराला वेळ मिळू नये.)

नियम ४. आजवर बिऱ्हाडामागे एक मत होतं. आता एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला, बायकांसकट. सीताराम विधुर. माझ्या बाजूने बायका, कारण नळाचं टाइमटेबल मी लावलं.

नियम ७, माझा मास्टरपीस. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला सकाळी दहाला, खोलीची किल्ली विजयी उमेदवाराच्या हाती. कुणाची काही तक्रार असेल तर त्यानंतर, लेखी, खोलीतल्या पेटीत. थोडक्यात, आधी किल्ली, मग हरकत. मोठमोठ्या देशांत यावरून रक्त सांडतं आणि इथे जिन्याखाली बसून तोडगा निघतो.

नियम ९. पराभूत उमेदवाराने विजयी उमेदवाराचं संपूर्ण नाव सर्वांसमक्ष मोठ्याने उच्चारून हार घालावा. सीतारामच्या तोंडून "श्री. पुरुषोत्तम रामराव त्रिलोकेकर" ऐकायला मजा येईल.

नियमावली सुवाच्य उतरवायला हिच्याकडे दिली. मंडळाची इतिवृत्तंही चौदा वर्षं हीच उतरवते. विचार माझे, शाई तिची. म्हणाली, तुम्हीच जिंकणार तर किल्ली द्यायचा नियम कशाला? सांगितलं, वापरायची नसली तरी छत्री चांगली असावी. मग विचारलं, अर्ज कोण भरू शकतं? म्हटलं, एकवीसच्या वरचं कोणीही. डेमोक्रसी आहे. तिने मान डोलावली. बाईमाणसाला एवढं समजावून सांगणारे नवरे कमी.

शनिवार, २ मार्च. संध्या. ६.३०.

चाळीची सभा. नियमावली एकमताने मंजूर. अध्यक्ष अण्णा कोठारे, वय एक्क्याऐंशी, कानाने ठार. शेवटी त्यांनी विचारलं, काय मंजूर झालं? सर्व, असं ओरडून सांगितलं.

तारीख ३१ मार्च, रविवार. आई म्हणाली, अरे अमावास्या आहे. मी हसलो. विज्ञानयुग आहे म्हटलं.

ऐन वेळी आणखी एक नियम सुचला, बारावा: यांतला एकही नियम पुढच्या वर्षीच्या पाडव्यापर्यंत बदलता येणार नाही. तोही मंजूर. सीतारामचे हातपाय बांधले.

रविवार, १० मार्च. संध्या. ५.३०.

कोलंबीचं भानोलं झालं होतं. दोनदा घेतलं. प्रचाराला निघणार होतो, डोळा लागला.

उठलो तर गॅलरीत आमच्या दारापुढे बायका जमलेल्या. मी बाहेर आलो तशा गप्प झाल्या. आदर. ही माझ्यासाठी प्रचार करतेय, न सांगता. मन भरून आलं.

नंतर हिने एक विचित्र मागणी केली. खोलीची किल्ली तासभर हवी होती. म्हटलं, कशाला? म्हणाली, बसायला. म्हटलं, बसायला घर आहे की. मंडळाची किल्ली अशी कुणाच्याही हाती देता येत नाही, बायको असली तरी. तत्त्व म्हणजे तत्त्व. ती "बरं" म्हणाली आणि मशीनवर बसली.

शनिवार, १६ मार्च. संध्या. ७.१५.

असेंब्लीचे निकाल. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मिरवणुका, गल्ली गुलालाने लाल. भले भले पडले. मी लोकांना समजावलं की लोक बदल मागतात तेव्हा खुर्चीवरच्या माणसाने हसत उठावं. सीतारामने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. वाक्य त्याला लागलं असणार.

निवडणुकीच्या भाषणाचा मसुदा. मुख्य मुद्दा: गेल्या वर्षीचा जानेवारी. गोळीबार, कर्फ्यू. त्या चार दिवसांत मी या खोलीतून चाळीची परिस्थिती ताब्यात ठेवली. (कडी आतून होती, पण ती सुरक्षेची बाब.) ही काय ते मागच्या बोळातून दूध आणून पोरांना वाटत होती, कुणाकुणाकडे भाकऱ्या पोचवत होती. दूध कोणीही वाटेल. डोकं शांत ठेवणारा एकच असतो.

रविवार, २४ मार्च. सकाळी १०.

अर्जांची मुदत संपली. पेटी हलवून पाहिली. तीन पाकिटं. एक माझं, एक सीतारामचं. तिसरं कुणाचं? बंडूने पुस्तकाची मागणी चुकून टाकली असेल.

दारावर मासळी घेऊन येणारी सखुबाई म्हणाली, चिटणीस, तुमची बायको बोलते मात्र झकास, सगळ्या माळ्यांवर ऐकून आले. म्हटलं, ट्रेनिंग माझं.

हाराची ऑर्डर दिली. झेंडूचा, मोठा. माझ्या गळ्याच्या मापाचा.

रविवार, ३१ मार्च. सकाळी ८.४०.

पाकिटं फुटली. पहिलं माझं. दुसरं सीतारामचं, त्यात अर्ज नाही, चिठ्ठी: मी उभा नाही, माझा पाठिंबा तिसऱ्या पाकिटाला.

तिसऱ्या पाकिटावरचं अक्षर ओळखीचं. मंडळाची चौदा वर्षांची इतिवृत्तं त्याच अक्षरात आहेत.

८.५५. हिला बाजूला घेऊन विचारलं, हे काय? म्हणाली, तुम्हीच सांगितलंत की, एकवीसच्या वरचं कोणीही. मला एकोणचाळिसावं चालू आहे.

९.०५. अध्यक्षांकडे मतदान पुढे ढकलण्याचा अर्ज. कारण: अमावास्या. अण्णांनी वाचला, नियम बारा दाखवला. ऐकू येत नाही त्यांना, पण वाचता उत्तम येतं.

९.३०. घाबरण्याचं कारण नाही. बायका नवऱ्यांचं ऐकतात आणि नवरे माझं. शिवाय भाषण आहे.

११.१५. भाषण झालं. कर्फ्यूच्या मुद्द्याला चाळ हसली. का ते समजलं नाही. मग हिला बोलायला सांगितलं. म्हणाली, मला बोलायला येत नाही, खोली रोज उघडी राहील एवढं सांगते. बसली. हे काय भाषण?

संध्या. ५. निकाल. झालेली मतं एकशे चार. मला नऊ.

ही नऊ कोणाची? एक माझं. आईला विचारलं, ती सरळ म्हणाली, मी सुनेला दिलं, औषध तीच देते मला. बंडू आढ्याकडे बघू लागला. मग सीताराम कानाशी येऊन म्हणाला, अप्पा, त्यातलं एक माझं हो, अगदीच वाईट दिसू नये म्हणून. त्याच्या दयेने नऊ झाली, नाही तर आठ.

५.२०. नियम ९.

चाळ चौकात उभी. झेंडूचा हार माझ्या हातात, मोठा, माझ्या मापाचा. अण्णांनी नियम मोठ्याने वाचला: संपूर्ण नाव, सर्वांसमक्ष. लग्नाला बावीस वर्षं झाली. मी हिला "अगं" म्हणतो, "ऐकलंस का" म्हणतो, कधी नुसता खाकरतो. नाव लग्नात मीच ठेवलं, ताटात तांदळावर अंगठीने लिहून. त्या दिवशी सगळ्यांपुढे घेतलं ते शेवटचं. बायका जिन्यावर दाटून उभ्या, कुणी हसेना. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हटलं, "सौ. वासंती पुरुषोत्तम त्रिलोकेकर."

तिने चटकन वर पाहिलं. मागून कोणी हाक मारली तर बघतो तसं. हार तिला गुडघ्यापर्यंत आला.

सोमवार, १ एप्रिल. पाडवा. सकाळी ७.५०. मंडळाची खोली.

गुढी उभारून खाली आलो. किल्ली अजून दोन तास माझी. कडी आतून लावली आहे.

निर्णय: कडी काढायची नाही. दहाला सगळे येतील, दार ठोठावतील, विनवण्या करतील. मग मी अटी घालीन. किमान संध्याकाळी सात ते आठ खोली माझी, ही पहिली अट. बिस्किटं आणली आहेत.

८.३०. कुणी नाही.

९.१५. वर पुऱ्या तळल्याचा वास. कुणी नाही.

१०.०५. कुणी नाही. जिन्यावरून पोरं धडाधड उतरली, मला वाटलं आलेच. ती रस्त्यावर गेली.

१०.४०. बिस्किटं संपली. दार लावून एकटा बसणं मला चौदा वर्षं आवडत आलं. आज का आवडत नाही कळत नाही.

११.१०. कडी काढली. बाहेर जिन्याच्या पायरीवर वासंती पान वाढून बसली होती. श्रीखंड, पुरी. म्हणाली, केव्हापासून बसलेय, म्हटलं कामात असाल. मी किल्ली दिली. तिने ती पदराच्या गाठीला बांधली आणि पान माझ्यापुढे सरकवलं. पायरीवर बसूनच जेवलो.

मंगळवार, २ एप्रिल. संध्या. ६.४५. दुसरा मजला, खिडकीपाशी. (सुट्या कागदावर लिहिलं, मागाहून वहीत चिकटवलं.)

आधी किल्ली, मग हरकत. किल्ली दिली, आता हरकत. तीन मुद्दे लिहून काढले: अमावास्या, उमेदवार व मावळता चिटणीस एकाच बिऱ्हाडातले, पराभूताच्या भावनांचा विचार नियमात नाही.

पेटी खोलीत. खोलीला कुलूप. किल्ली नव्या चिटणिसाकडे. मागितली. तिने लगेच दिली, स्टोव्हवरची आमटी ढवळता ढवळता. हरकत पेटीत टाकली, किल्ली परत केली. पेटी उघडणारीही तीच. निर्णय देणारी समिती म्हणजे अध्यक्ष, मावळता चिटणीस आणि नवा चिटणीस. मावळता तक्रारदार असेल तर त्याने बाहेर बसायचं, हेही मीच घातलेलं. उरले अण्णा आणि ती.

आत्ता निर्णय मिळाला. फेटाळली. हरकतीत काना-मात्रेच्या दोन चुका होत्या, त्या तिने सुधारून दिल्यात.

बुधवार, ३ एप्रिल. संध्या. ७.२०. दुसरा मजला, ट्रंकेवर.

ही वही खोलीतल्या कपाटात राहिली होती. लाज वाटली पण मागितली. वासंतीने आणून दिली. वाचलीस का ते विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

खोलीचं नवं टाइमटेबल दारावर लागलंय. सकाळी परीक्षेची मुलं. दुपारी बायकांचं वाचन. संध्याकाळी पाच ते सात पेपर, सर्वांसाठी. सात ते आठ या वेळेपुढे फक्त "चिटणीस".

सातला ती खाली गेली. मीही मागून गेलो, दाराच्या फटीतून पाहिलं. मला वाटलं हिशेब करत असेल, अर्ज लिहीत असेल. काही नाही. एक हात नसलेल्या खुर्चीत पाय वर घेऊन, डोळे मिटून बसली होती. संयुक्त महाराष्ट्र नाही, देश नाही, नुसती बसली होती.

मी तरी चौदा वर्षं वेगळं काय केलं म्हणा.

चाहूल लागली असावी. दार उघडलं नाही, आतूनच बोलली. "चौदा वर्षं तुम्ही कडी घालायचात आणि तो आवाज मी वर मशीनवर बसून ऐकायची. एक तास मला तो आतून ऐकू द्या."

वर आलो.

बंडू रेडिओ लावून बसलाय. मोठीची शिकवणी, मधल्या दोघांची मारामारी, आईचा खोकला. धाकट्याला त्रिकोण काढायला कागद हवा होता, या वहीचं मागचं पान फाडून दिलं. पुढचा पाडवा साडेतीनशे दिवसांवर. नियम बदलता येत नाहीत.

जाताना भाताकडे लक्ष ठेवा म्हणाली होती. करपल्याचा वास येतोय. आई आतून हाक मारते, अगं, भात बघ गं. पुन्हा एकदा मारली.

उठतो.