चौथ्या गेमपासून

४ जून

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. एकवीस वर्षांत आमच्या स्टुडिओने पाच रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम काढले, खेळणारा स्वतःच कथेतलं पात्र होतो असे. पाचव्यावर लोक तुटून पडलेत — "दिसायला देखणा, आतून पोकळ." साहेब म्हणाले, "सहावा सुरू करण्याआधी पाचही खेळून काढ. नेमकं कुठे बिनसलं ते लिहून दे. पहिल्या गेमपासून कथा लिहिणाऱ्यांत तूच उरलीयेस."

अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला लिहू!

७ जून

पहिला गेम. चित्रं ओबडधोबड, माणसं ठोकळ्यासारखी चालतात. पण तो नावाडी! मी लिहिलेला. नदीपार नेण्याआधी तो विचारतो, "पलीकडच्या सैन्यात माझा भाऊ दिसला का?" भाऊ मेलेला आहे, हे खेळणाऱ्याला ठाऊक असतं. खरं सांगितलं तर तो वल्हं टाकून देतो, परतीची वाट बंद. खोटं सांगितलं तर दर फेरीला पलीकडच्या काठावर वाट बघत बसतो.

नवरा भांडी विसळत होता. ओल्या हातांनीच येऊन मागे उभा राहिला. "मग, काय सांगितलंस त्याला?"

"खोटं."

"मीही तेच सांगितलं असतं," म्हणाला आणि बराच वेळ तिथेच उभा. नळ तसाच वाहत होता.

११ जून

दुसरा झाला, तिसरा झाला. तिसऱ्याला तोड नाही. सात माणसं, दोन खोल्या, एका पात्राच्या एका वाक्यावरून दोन-दोन दिवस भांडणं. तो खेळून एका बाईने नऊ वर्षांनी सख्ख्या बहिणीला फोन केला होता. तसं पत्र आलं होतं तिचं. असं काही हातून झालंय, आता आणखी काय हवं?

१४ जून

चौथा. नवरा शेजारीच बसला होता. अर्ध्या तासाने उठून कपड्यांच्या घड्या करायला गेला.

१६ जून

पाचवा. दोनशे गावं, आणि जो भेटेल त्याचं काही ना काही हरवलेलं. "शोधून आण." आणलं की "आभारी आहे." संपलं. डोंगरावरचं धुकं मात्र काय सुरेख केलंय पोरांनी!

जेवताना साहेबांना म्हटलं, "घाई नडली. आणि माणसं वाढली, ज्याचं त्याला पडलंय."

साहेब म्हणाले, "घाई? चौथाही असाच पोकळ होता, आणि त्याला तर आपण सगळ्यात जास्त वेळ घेतला होता."

जेवण अर्धवट टाकून उठले.

१८ जून

चौथ्याच्या जुन्या फायली काढल्या. पहिले मसुदे वाचले आणि थक्क झाले. वेढा पडलेल्या शहरातली एक आई दारावर आलेल्या शत्रूच्या सैनिकाला आपला मुलगा म्हणून घरात घेते. खरा मुलगा आत लपलेला. सहा पानांचा प्रसंग, एक शब्द जास्तीचा नाही. गेममध्ये त्याचं काय उरलं? आई म्हणते, "माझा मुलगा हरवलाय. शोधून आण."

समासात लाल शेरे. "लहान करा." "खेळणारा कंटाळेल." "थेट काम सांगा." पानापानावर, प्रत्येक मसुद्यावर. खाली सही माझी.

चौथ्याच्या सुरुवातीलाच मला कथाविभागाची प्रमुख केलं होतं. तो प्रसंग लिहिणारी वर्षभरात नोकरी सोडून गेली. मी सगळ्यांना सांगत फिरले, "तिला जमलं नाही."

२१ जून

अहवाल दिला. शेवटचं वाक्य — "चौथ्यापासून, म्हणजे मी प्रमुख झाल्यापासून." साहेबांनी चष्मा काढला. "खोडायचं असेल तर आत्ताच खोड."

नाही खोडलं. तिचा नंबर दिला त्यांना. म्हटलं, प्रमुख तिला करा. मला तिच्या हाताखाली लिहायला बसवा.