पऱ्हाटीचं काळं पाणी

४ फेब्रुवारी १९५७
नाल्याचं पाणी पुन्हा काळंकुट्ट. खालच्या अंगाचे शेतकरी बाबाराव आज बैलजोडी घेऊन थेट कारखान्याच्या फाटकात. "बैल तोंड लावत नाई या पाण्याले. तुम्ही पिऊन दाखवा, साहेब." आमचे व्यवस्थापक महादेवराव म्हणाले, "केमिस्ट बघतील." केमिस्ट म्हणजे मी. नागपूरची बी.एस्सी. — बैलांच्या तक्रारी ऐकायला.

आम्ही पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली झाडं, कॉस्टिक सोड्यात शिजवून कागदाचा लगदा करतो. उरलेलं काळं पाणी नाल्यात. झाडाचे तंतू चिकटवून ठेवणारा लिग्निन त्याच पाण्यात असतो. तो काढला तर त्याच्या चिकटपणानं कोळशाच्या चुऱ्याच्या विटा बांधता येतील, पाणीही निवळेल. सहा महिने हे सांगतोय. महादेवराव सहा महिने मान डोलावताहेत. मानेला व्यायाम चांगला.

११ फेब्रुवारी
वरून पत्र. महिनाअखेरपर्यंत काळ्या पाण्याची व्यवस्था करा, नाहीतर लगदा शिजवायची भट्टी बंद. म्हणजे लगदा धुणाऱ्या बावीस बायका घरी. महादेवरावांना अचानक विज्ञानाची गोडी लागली आहे.

१४ फेब्रुवारी
काळ्या पाण्यात तेजाब घातलं. लिग्निन खाली बसायला हवा. बसला — शेंबडासारखा! गाळायचं कापड बुजलं. तीन तासांत दोन वाट्या चिखल. महादेवराव वाकून बघत, "हेच का ते संशोधन?"

१५ फेब्रुवारी
तेच. तेजाबानं शर्टाला दोन नवी भोकं.

१९ फेब्रुवारी
लगदा धुणाऱ्या रुख्माबाई दारात थांबून बघत होत्या. "साहेब, तुम्ही हे थंडच काऊन फाडून राह्यले?"

"तुमच्या प्रयोगशाळेत कसं फाडतात?" मी विचारलं. मला वाटलं, फार विनोदी बोललो. त्या हसल्या नाहीत.

"दूध फाडतो तवा तापवतोच ना आम्ही. थंड्या दुधात लिंबू पिळलं का चिकट होते, फडक्यातून पाणी उतरत नाई. तापवून तं पाहा."

मी त्यांना रसायनशास्त्रावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि कामाला गेल्या.

२० फेब्रुवारी
आसपास कोणी नाही बघून तापवलं. उकळी यायच्या आत उतरवलं, तेजाब थेंबाथेंबानं. गाळ दाणेदार! कापडातून पाणी सरळ खाली, रंगानं चहासारखं. वाळल्यावर तपकिरी भुकटी.

रुख्माबाईंना बोलावलं. भुकटी चिमटीत घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "आता भट्टी बंद नाई ना होत?"

गेल्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून त्या जाताना 'जयभीम' म्हणतात. आज मीही म्हटलं. दिवसभर स्वतःवर खूश. केवढा मोठा माणूस मी.

२८ फेब्रुवारी
पाहणीला वरचे साहेब आले. भुकटी पाहिली, तिनं बांधलेली कोळशाची वीट पेटवून पाहिली. भट्टी चालू राहणार. बाबारावांचे बैल नाल्यावर आणले होते — हुंगून निघून गेले. बाबाराव म्हणाले, "काळा रंग तं गेला. चव पाहू पुढं." बैलांइतकी कडक परीक्षा विद्यापीठातही नव्हती.

महादेवरावांनी माझा अहवाल मागून घेतला. "मुंबईला नीट टाइप करून पाठवतो." नोव्हेंबरपासून आम्ही मुंबई राज्यात आहोत, फाइलींना प्रवास वाढला आहे.

२१ मार्च
अहवाल छापून आला. संशोधक: महादेवराव. माझं नाव कुठेच नाही. शेवटी एक ओळ — 'कर्मचाऱ्यांच्या सहकार्याने.' ते कर्मचारी मी!

जाऊन विचारलं. महादेवराव शांतपणे म्हणाले, "अरे, काम तर झालं ना? मग कोणी केलं, याला एवढं काय?"

जेवण गेलं नाही. माणूस इतका निर्लज्ज कसा असतो? माझा मूळ मसुदा पेटीत आहे. उद्या पुरावा म्हणून मुंबईला पाठवतो.

२२ मार्च
मसुदा काढला. पान तीन, माझंच अक्षर: 'कामगार रुख्माबाई यांच्या सूचनेवरून द्राव तापवून पाहिला.' त्यावर आडवी रेघ. वर बारीक अक्षरात: 'मला असे सुचले की'.

रेघही माझ्याच शाईची.