नवरदेव गोलात

दुकान, सोमवार, ४ मार्च

चि. भाचीस, अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, फोन केला तर तू बैठकीत असतेस. परवाचा धरून सलग आठ सामने हरलात. तू प्रशिक्षक झालीस म्हणून गल्लीभर मिरवणारा मी, आता मागच्या बोळातून दुकानात येतो.

तेव्हा चार शब्द ऐक. तुझा डावा बचावपटू, तो वकील, चेंडू सुटला की पंचाशी वाद घालत बसतो. त्याला पंचाजवळच उभा कर, निदान धावाधाव तरी वाचेल. मधल्या फळीतल्या दोघांची एकमेकांशी ओळख करून दे. आणि आता मुख्य मुद्दा. पुढे खेळणारा तो नवरदेव केस विस्कटतील म्हणून चेंडूला डोकं लावत नाही. पण संघाचे कपडे मी शिवतो. माझ्या वहीत त्याची बाही सव्वीस इंच आहे, गोलकीपरची तेवीस! उलट गोलकीपरची मांडी बघ, चोवीस इंच, लाथ मारायलाच घडवलेली. दोघांची अदलाबदल कर. गळ्याच्या जागी बाही जोडल्यावर शर्ट बसणार कसा?

लोभ आहेच. एखादा सामना जिंकलीस तर वाढवायचा विचार करू.

तुझा मामा

खेळाडूंचं वसतिगृह, ७ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बूट सुकवायच्या खोलीत वाचलं. हसू बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. पण मामा, टेप लावून संघ निवडतात का? तुमच्याच मापाचा शाळेचा फ्रॉक मला बसेपर्यंत मी तीन वर्षं वाढत होते. नवरदेवाला गोलात उभं केलं तर तो आधी आरसा मागेल.

चेष्टा पुरे. येत्या शनिवारी हरलो तर मला नारळ, असं अध्यक्षांनी सांगितलंय. या कामासाठी मी शाळेतली पक्की नोकरी सोडली. घरातल्या सगळ्यांनी वेड्यात काढलं, पाठीशी उभे राहिलात ते तुम्ही. हरले तर तुम्हाला तोंड कसं दाखवू, हीच धास्ती आहे.

मामींना नमस्कार. लोभ भरपूर असू द्या, सल्ले थोडे कमी असले तरी चालतील.

तुमची भाची

दुकान, ११ मार्च

चि. भाचीस,

आज आशीर्वादाला हात उचलत नाही. शनिवारी मैदानात बघतो तर नवरदेव गोलात! शेजारच्याला कोपराने ढोसून सांगितलं की ही कल्पना माझी. वीस मिनिटांत तीन गोल खाल्ले, तेव्हा त्यालाच सांगितलं की प्रशिक्षक कोण ते मला ठाऊक नाही. शेवटी पाच-एक. तुला काढल्याचा कागद आज सकाळी फाटकावर वाचला.

दुकानात येऊन चष्मा लावला आणि मापाची वही उघडली. माप घ्यायच्या दिवशी नवरदेव केस कापायला गेला होता, म्हणून त्याच्या जागी संघाच्या बसचा ड्रायव्हर उभा राहिला होता. सव्वीस इंच त्याचे. माझ्याच अक्षरात समासात लिहिलंय. पोरी, तुझी नोकरी मी घालवली. तुझी मामी माझ्याशी बोलत नाही, आणि बरोबरच करते.

लोभ कुठल्या तोंडाने मागू?

मामा

वसतिगृह, सामान बांधताना, १४ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

मामींना सांगा, अबोला पुरे. नवरदेवाची बाही बोटांखाली लोंबते आणि तो ती दुमडून फिरतो, हे मी हंगामभर बघतेय. तुमचं माप चुकलंय हे मला पहिल्या पत्रातच कळलं होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, अध्यक्षांच्या कचेरीत गेले, तर नवा प्रशिक्षक तिथे चहा पीत बसलेला. जिंकलो असतो तरी मला काढणारच होते. जिन्यात बसून रडले, खोटं कशाला सांगू? मग खिशातलं तुमचं पत्र पुन्हा काढलं. मला घालवायचं कसं, या विचारात सगळा क्लब गुंतला होता. जिंकायचं कसं, याचा विचार करणारे तुम्ही एकटेच उरला होतात. म्हटलं, शेवटचा सामना आपल्या माणसाच्या मनासारखा होऊ दे. आणि चोवीस इंची मांडीने गोल मारलाच की! दोन महिन्यांतला आपला पहिला. गोलकीपर भेटेल त्याला मांडी दाखवत सुटलाय.

येत्या शनिवारी मी तुमच्या शेजारी प्रेक्षकांत उभी राहणार आहे. नवा प्रशिक्षक आपला कोणी लागत नाही, तेव्हा लाज कसली? मला नीट ओरडता येत नाही, दोन-चार ठेवणीतल्या शिव्या शिकवा.

लोभ आहेच, तो घसा बसेपर्यंत असावा.

तुमची बेकार भाची