दानियलची चिठ्ठी

५ एप्रिल १९९२, रविवार
या वहीत मला एवढेच सिद्ध करायचे आहे: धाकटा भाऊ दानियल यास पुनरुत्थानाच्या रविवारची प्रभुभोजनाची चिठ्ठी नाकारण्याचा माझा निर्णय न्याय्य आहे, आणि त्यामागे आकस नाही.
संकटात जो प्रार्थना सोडतो, त्याने प्रभूच्या मेजावरचा हक्क स्वतःच सोडला. दानियलने ती सोडली. त्याची लेक रूथ पौषात तापाने गेली; पुढच्याच प्रार्थनासभेत उभा राहून म्हणाला, "इतक्या हाका मारल्या, तिकडून ओ न्हाई. आता मी बोलणार न्हाई." तेव्हापासून अकरा रविवार गैरहजर. हजेरी मी स्वतः घेतो.
मंडळीचे वडील, म्हणजे निवडलेले ज्येष्ठ, घरोघर चिठ्ठ्या नेऊन देतात; त्यांतला मी एक. चिठ्ठीवाचून मेजाशी, भाकर-द्राक्षारसाला, बसता येत नाही. रीत माझी नव्हे.

८ एप्रिल
आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "सख्खा भाऊ आहे, एकदा भेटा तरी." भेटीने पुरावा बदलत नाही. तरी गेलो.
दानियल बियाण्याच्या गोदामातून नुकताच आलेला. शर्टावर पोत्यांची धूळ.
"या, जजसाहेब." लहानपणापासून मला तो असेच चिडवतो.
मुद्दे क्रमाने मांडले. शेवटपर्यंत ऐकून घेतले त्याने. मग, "दादा, समदं बराबर हाय. एकच सांगा. वहिनी गेल्यापासून तुमी देवाशी सोताचं एक वाक्य तरी बोलले का? पुस्तकातलं सोडून."
प्रश्न विषयाबाहेरचा.
त्याची बायको मार्था चहाचा कप ठेवताना, "भावजी, हजेरी आतच घेता ना तुम्ही?" अर्थ विचारला नाही.

१२ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
त्याचे नाव पुकारले. उत्तर नाही. बारावा रविवार.
ऊन कडक, नळ कधी येईल याचा भरवसा नाही. उपासनेनंतर देवळाच्या व्हरांड्यातल्या रांजणातले दोन पेले पाणी प्यालो. गार.
प्रार्थना सकाळ-संध्याकाळ, पुस्तकातून, उभ्याने. पत्नी सुशीला जाऊन चौदा महिने. पुस्तक मिटल्यावर मात्र—

१७ एप्रिल, उत्तम शुक्रवार
तासभर आधी देवळात पोहोचलो. व्हरांड्यात दानियल. सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन. रांजण भरत होता.
"केव्हापासून?"
"रूथ गेली तवापासून. दर ऐतवारी."
पाणी भोकरदन रस्त्यावरच्या विहिरीचे. भरून झाले की खिडकीखाली बसतो, आशीर्वादाआधी निघून जातो.
"आत का येत नाहीस?"
"आत गप बसावं लागतं. हितं बसून भांडता येतं त्याच्याशी. बोलणार न्हाई म्हनलो, पण भांडण कुठं सोडलं मी?"
भांडायला समोर कोणी असावे लागते. माझा पक्ष तेथेच पडला. प्रार्थना त्याने सोडली नव्हती. मग कोणी सोडली होती?
उपासनेत वधस्तंभावरच्या सात वचनांपैकी चौथ्यावर बोलणे माझ्याकडे होते: प्रभूची ती हाक, जिला वरून उत्तर आले नाही. चार पानी टिपण. पहिली ओळ वाचली. कागद बाजूला ठेवले आणि साऱ्या मंडळीसमोर वर पाहून विचारले, "सुशीलेला का नेलेस?" तेवढे विचारून खाली बसलो.
चौदा महिन्यांतले माझे पहिले वाक्य.
आशीर्वाद झाला तरी खिडकीबाहेर सायकलीचा स्टँड वाजला नाही.

१९ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार, सकाळ
व्हरांड्यात त्याच्या हाती दोन चिठ्ठ्या दिल्या. एक त्याची, एक माझी.
"माझीच अट मला लावली, तर ही मला मिळत नाही. द्यायची की नाही, तू ठरव."
"लई अवघड काम दिलं, जजसाहेब." दोन्ही खिशात घातल्या. "आधी पाणी भरू द्या."
दुसरा कॅन मी धरला. माझ्या अंदाजापेक्षा बराच जड निघाला.
घंटेला अवकाश आहे. बाकावर शेजारची जागा राखली आहे. बाहेर अजून पाणी ओतल्याचा आवाज.

कबुली: दानियल बारा रविवार गैरहजर होता, ही माझ्या हजेरीपत्रकातली नोंद चूक आहे. तो हजर होता.
— योसेफ साळवे