डाव्या अंगठ्याची शाई

भिंगार, मंगळवार, १४ मार्च १९७२

आमच्या लष्करी डेपोत आता ओळखपत्र सक्तीचं. रोज नावानं हाक मारणारा पहारेकरीही आधी कार्ड मागणार. सकाळी फोटो दिला, मग ठसा. मी सवयीनं उजवा अंगठा पुढे केला. हवालदार म्हणाला, "पुरुषांचा डावा लागतो." मी जन्माचा डावखुरा, पण हा हात आजवर कुणी मागितला होता? लहानपणी या हातानं प्रसाद घेतला की आई फटका मारायची.

घरी आलो तरी शाई निघेना. आईनं विचारलं, "डावा का दिला रं?"

म्हटलं, "सरकारनंच मागितला."

ती फडकं रॉकेलात बुडवून माझा अंगठा पुसत बसली. शाई केव्हाच गेली होती. हात मात्र तिनं सोडला नव्हता.